दुष्काळ, पडते भाव आणि आपली दावण

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मंडळाच्या कार्यकारिणीने मजसारख्या एका निवृत्त पशुधन पर्यवेक्षकास ह्या व्यासपीठावर पाचारण केले, ह्याबद्दल मी आपणा सर्वांचा ऋणी आहे. संमेलनाच्या दिवशी कुळाचा गौरव ऐकावा, मुलांचे बक्षीस-समारंभ पाहावे, गाठीभेटी घ्याव्या, अशी आपली सर्वांची इच्छा असते. गुरांच्या बाजाराचे रडगाणे ऐकण्यासाठी मुंबईहून गाडीभाडे खर्चून कोणी येत नाही, हे मी जाणून आहे. तथापि ज्या समाजास लोक गवळी-धनगर म्हणून ओळखतात, त्याच्या सभेत म्हशीचे नाव काढावयास संकोच कशाचा? शिवाय आजच्या सभेपुढे एक ठराव आहे. इमारत निधीतील काही रक्कम वैरणीसाठी वेगळी काढावी, असा तो ठराव. त्यास विरोध करणारी मंडळी माझ्या आदराची आहेत आणि त्यांतील दोघे तर माझे जवळचे सोयरे आहेत. त्यांच्या शंकेचे निरसन करावे, निदान तिला सरळ सामोरे जावे, एवढ्यासाठीच मी उभा आहे.

पेण आणि रोहे ह्या तालुक्यांचे नाव घेऊन दुष्काळाची गोष्ट काढली, की घाटावरचा मनुष्य हसतो. वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरांच्या आसपास पाऊस जेथे कोसळतो तेथे दुष्काळ कसला, असे तो विचारतो. सरकारी दप्तरही त्याच्याच बाजूने बोलते. ३१ ऑक्टोबर २०२३ रोजी राज्य शासनाने ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला; त्या यादीत आपला एकही तालुका नव्हता. यादी चुकीची होती असे माझे म्हणणे नाही. दुष्काळाची कसोटी मुख्यतः खरिपाच्या हंगामातील पाऊस आणि पीक ह्यांवरून लावली जाते. आपली टंचाई तर खरीप संपून माघ उलटल्यावर सुरू होते. चार महिने आभाळ फाटल्यासारखे गळते आणि उरलेले आठ महिने डोंगरमाथा कातळासारखा कोरडा पडतो. पाणी उतारावरून ओढ्यात, ओढ्यातून अंबा, भोगावती, कुंडलिकेत आणि तेथून खाडीत निघून जाते. वाड्यावरची विहीर फाल्गुनात तळ दाखवते.

खाली उतरून पाहावे तर निराळीच तऱ्हा. पेण तालुक्याच्या वाशी-शिर्कीकडील खारेपाटात विहिरीस गोडे पाणी लागत नाही; उन्हाळ्यात माणसांसाठी टँकर फिरतात, आणि टँकरच्या पाण्यावर म्हशीचे नाव लिहिलेले नसते. त्याच तालुक्यातील हेटवणे धरणाचे पाणी नळाने नवी मुंबईस जाते. रोह्याकडे कुंडलिका उन्हाळ्यातही वाहते, कारण मुळशीचे पाणी भिऱ्याच्या वीजगृहातून तिच्यात सोडले जाते. ऐन वैशाखात शहरातील हौशी मंडळी कोलाडास त्या पाण्यावर रबरी नावा घेऊन कल्लोळ करीत असतात. डोंगरावरच्या वाड्यातून ते पाणी दिसते, पण म्हैस तेथवर नेऊन परत चढवून आणावी, तर तिच्या अंगावरचे दूध वाटेतच आटावयाचे. नावांवरून कोणाचा राग करण्याचे कारण नाही. ते पाणी आपल्यासाठी सोडलेलेच नाही, एवढेच सांगावयाचे आहे.

आता म्हैस हे जनावर गाईहून पाण्याचे अधिक भुकेले. तिच्या कातडीत घामाच्या ग्रंथी थोड्या, कातडी काळी. म्हणून पिण्यास पाणी पाहिजे तसे बसण्यासही पाहिजे. उन्हाळ्यात थोराड म्हशीस दिवसाला साठ-सत्तर लिटर पाणी लागते. ते न मिळाल्यास प्रथम दूध कमी होते, हे तर घराघरांतील बायका जाणतातच. परंतु त्याहून मोठे नुकसान डोळ्यांस दिसत नाही. उष्म्याने आणि उपासमारीने म्हशीचा माज मुका होतो. ती ओरडत नाही, लक्षण दाखवत नाही, आणि मालकाच्या ध्यानात येईपर्यंत पाळी निघून जाते. अशी एकामागून एक पाळी हुकली म्हणजे म्हैस वर्षभर भाकड राहते. म्हशीचा गाभणकाळ सुमारे दहा महिन्यांचा. याचा अर्थ असा, की ह्या वैशाखातील टंचाई पुढील वर्षाच्या दुधात दिसते. लोक म्हणतात, 'यंदा पाऊस चांगला झाला, मग दूध का नाही?' दूध यंदाच्या पावसावर नसते. ते गेल्या उन्हाळ्यातील पेंढ्यावर असते. माझ्या नोकरीच्या काळात ही एक गोष्ट समजावून सांगण्यात मी जितके दिवस घालविले, तितके लसी टोचण्यातही घालविले नसतील.

हे झाले पाण्याचे आणि उन्हाचे. खरा घात बाजारात होतो, आणि माझ्या आजच्या बोलण्याचा गाभा तोच आहे.

भाताचा भाव पडला तर शेतकरी भात कोठारात ठेवून थांबू शकतो. गूळ, मिरची, हळद थोडीफार थांबते. जनावर थांबत नाही, कारण ते खाते. वैरण संपत आली, की प्रत्येक दिवस मालकाच्या गाठीचे पैसे खातो. म्हणून तो विकावयास निघतो. पण त्याच दिवशी शेजारच्या वाड्यावरचाही निघालेला असतो, पलीकडच्या तालुक्यातलाही निघालेला असतो. विकणारे सारे एकदम आणि घेणारा कोणी नाही, कारण घेणाऱ्याच्या माळ्यावर तरी पेंढा कोठे आहे? अशा वेळी पेंढ्याचा भाव चढतो आणि पेंढा खाणाऱ्याचा भाव उतरतो. दोन्ही टोके एकाच दिवशी आपल्या विरुद्ध फिरतात. मग मृग बरसतो, डोंगर हिरवा होतो, जो तो जनावर शोधू लागतो आणि भाव दुप्पट होतो. स्वस्त विकून महाग घ्यावे, हा व्यवहार कोणताही शहाणा मनुष्य स्वखुशीने करणार नाही. आपल्याकडून मात्र तो दर चार-सहा वर्षांनी करविला जातो.

त्यातही आणखी एक वाईट गोष्ट घडते. भाकड म्हशीस अशा वेळी कोणी विचारीत नाही. पैसे येतात ते फक्त चांगल्या जनावराचे: पहिलटकरू, गाभण, चार थानांची निर्दोष. म्हणून दावणीवरचे उत्तम जनावर प्रथम जाते आणि निरुपयोगी ते उरते. एका दुष्काळाने दावणीवरची संख्या फार घटत नाही; पण तिचा कस जातो. गणतीच्या आकड्यांत हे दिसत नाही, कारण गणती डोकी मोजते.

ह्यावर आपले लोक म्हणतील, भाव ठरविणे आपल्या हाती आहे, नीट घासाघीस करावी. गुरांच्या बाजारातील व्यवहार कसा होतो हे आपण सर्वांनी पाहिले आहे. दोघे हातावर रुमाल टाकतात आणि रुमालाखाली बोटे धरून बोली होते. चार पावलांवर उभ्या असलेल्या दुसऱ्या विकणाऱ्यास कळत नाही की आपल्या शेजाऱ्याचा सौदा कितीला तुटला. दलालास मात्र सारे कळते, कारण दिवसभर सर्व रुमालांखाली त्याचाच हात असतो. सुकाळात ही रीत गमतीची वाटते. टंचाईच्या साली ती गळफास ठरते.

मी उदाहरण घरचे देतो, म्हणजे कोणास राग यावयाचा नाही. २०१९ सालचा ऑक्टोबर आपणांस आठवत असेल. भात कापणीस आलेले, काही शेतांत कापून पसरलेले, आणि ऐन दिवाळीच्या सुमारास अरबी समुद्रात क्यार नावाचे चक्रीवादळ उठून अवेळी पाऊस सुरू झाला. कापलेल्या भातास शेतातच मोड आले. वर्तमानपत्रांत धान्याच्या नुकसानीचे फोटो आले, पंचनामे झाले, ते योग्यच होते. परंतु भाताबरोबर पेंढाही कुजला, काळा पडला, त्यास बुरशी आली, आणि त्याचा पंचनामा कोणी मागितला नाही व कोणी केला नाही. आपल्या तालुक्यांतील दुष्काळ कित्येकदा पाण्याच्या अभावाने न येता अवेळी पाण्याने येतो, ही गोष्ट घाटावरील माणसास सांगून पटत नाही. खारेपाटात तर बाहेरकाठा फुटून खांड पडली आणि उधाणाचे पाणी शेतात शिरले, म्हणजे तीच दशा.

माझे धाकटे बंधू सुकेळी खिंडीच्या वरच्या अंगास वाड्यावर राहतात. त्यांच्या दावणीस त्या वर्षी सात म्हशी होत्या. चांगला पेंढा जेमतेम माघापर्यंत पुरला. पुढे विकत घ्यावा, तर ज्याच्याकडे कोरडा पेंढा होता तो आंब्याच्या पेट्यांसाठी आधीच बोलून गेला होता. तोच मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली. महामार्गावरची हॉटेले बंद, चहाच्या टपऱ्या बंद, लग्ने बंद. रतिबाचे दूध घरोघर पोहोचवावे तर वाटेत अडवणूक. दूध होते आणि घेणारा नव्हता. गुरांचे बाजारही बंद. बंधूंनी सरकी पेंड उधारीवर आणली, नंतर दुकानदाराने उधारी बंद केली. मे महिन्यात गाडी घेऊन एक दलाल वाड्यावर आला. दिवाळीत ज्या गाभण पहिलटकरूस ५२ हजारांची मागणी आली होती आणि जी बंधूंनी हसून नाकारली होती, ती त्यांनी २९ हजारांस दिली. वहिनींनी त्या दिवशी चूल पेटविली नाही. पंधरा दिवसांनी, ३ जून रोजी, निसर्ग चक्रीवादळ आले आणि गोठ्यावरचे पत्रे उडून दरीत गेले. पण तो भाग वेगळा, पत्र्यांचे पैसे पुढे मिळाले. म्हैस गेली तिची भरपाई कोणी दिली नाही, कारण ती मेली नव्हती, विकली होती. दसऱ्यानंतर तिच्या तोडीचे जनावर आणावयास ५८ हजार लागले. मधला फरक २९ हजारांचा, म्हणजे नेमकी जितक्यास विकली तितकाच. ती रक्कम भरण्यासाठी बंधूंनी एका हॉटेलवाल्याकडून उचल घेतली आणि दीड वर्ष त्याने ठरविलेल्या भावाने दूध घातले.

ह्या उचलीविषयी दोन शब्द अधिक बोलले पाहिजेत. दुधाचा भाव पडला, अशी बातमी आपण वाचतो तेव्हा ती बहुधा घाटावरच्या संघांची व खाजगी डेअऱ्यांची असते. जुलै २०१८ मध्ये गाईच्या दुधास उत्पादकाच्या हाती लिटरमागे १७-१८ रुपये पडू लागले, तेव्हा आंदोलन होऊन दूध रस्त्यावर आले. २०२० मध्ये टाळेबंदीत पुन्हा भाव कोसळला. २०२३ मध्ये तर पावसाने ऑगस्टभर दडी मारली. त्या वर्षीचा ऑगस्ट १९०१ पासूनच्या नोंदींत देशातला सर्वांत कोरडा ठरला. चारा महागला, आणि त्याच हंगामात दूध-भुकटीच्या मंदीने दुधाचा दर मात्र खाली आला, शासनाने ३.५ फॅटच्या दुधास ३४ रुपये किमान दर ठरवूनही हिवाळ्याच्या तोंडाशी तो २६-२७ रुपयांवर घसरला आणि जानेवारी २०२४ पासून लिटरमागे ५ रुपयांचे अनुदान द्यावे लागले. आपण म्हणू, आपले दूध म्हशीचे आणि आपला संघच नाही, आपणांस त्याचे काय? पण भुकटी विकेनाशी झाली, की तेच दूध पिशव्यांत भरून शहराकडे येते. पेण, नागोठणे, रोहे येथील हॉटेलवाला पिशवी पुढे धरून म्हणतो, 'हे घरपोच मिळते, तू काय भावाने देतोस?' ज्याने उचल घेतली त्याला उत्तर देण्याची सोय राहिलेली नसते. संघाचा सभासद निदान रस्त्यावर उतरू शकतो. आपल्या दुधाचा भाव चहाच्या टपरीमागे, कोणास न दिसता उतरतो.

हा अनुभव केवळ आपल्या दोन तालुक्यांचा नाही, हे सांगितल्याने दुःख हलके होत नाही, पण विचारास दिशा मिळते. प्रा. अमर्त्य सेन ह्यांनी १९८१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या दारिद्र्य व दुष्काळविषयक ग्रंथात इथिओपियातील अफार पशुपालकांची हकीकत आहे. तेथे जनावरे मेली हे खरेच. पण जी उरली त्यांच्या मोबदल्यात पूर्वीपेक्षा फारच थोडे धान्य मिळू लागले, आणि माणसे त्या दुहेरी माराने खचली. अमेरिकेत १९३४ च्या भीषण अवर्षणात सरकारने दुसराच मार्ग धरला. दुष्काळी जिल्ह्यांत सरकार स्वतः गिऱ्हाईक म्हणून उभे राहिले आणि डोक्यामागे १४ ते २० डॉलर देऊन त्याने ८० लाखांहून अधिक गुरे विकत घेतली. भाव थोडाच होता. पण दलालाच्या खाली जाण्यास एक तळ मिळाला. त्यांतील कित्येक जनावरे मारून टाकावी लागली आणि कित्येकांचे मांस गरिबांस वाटण्यात आले; आपल्याकडे तसे करणे ना शक्य ना इष्ट. आपल्या राज्याने छावणीचा मार्ग पत्करला. २०१९ च्या उन्हाळ्यात अहमदनगर, बीड, सोलापूर आदी जिल्ह्यांत सुमारे दीड हजार चारा छावण्यांतून दहा लाखांच्या आसपास जनावरे पोसली गेली. छावणीविषयी पुष्कळ तक्रारी झाल्या आणि त्यांत तथ्यही असेल. तरी माझ्या मते छावणीने जे मोठे काम केले ते चारा देण्याचे नव्हे. शेतकऱ्यास बाजारात जाण्यापासून तिने तीन महिने थांबविले, हे ते काम.

आपल्याकडे छावणी येणार नाही. यादीत नाव नाही तेथे छावणी कोठून? आणि शासकीय मदत मिळते ती मेलेल्या जनावरास. २०२२ मध्ये लम्पी चर्मरोगाच्या साथीत गाय दगावल्यास ३० हजार, बैल दगावल्यास २५ हजार, वासरास १६ हजार असे साहाय्य मिळाले व ते अनेक घरांस उपयोगी पडले. पण त्याच साथीत बाजार बंद ठेवावे लागले, ज्यांची जनावरे धडधाकट होती त्यांनाही ती विकता आली नाहीत, त्यांची गणना कोणत्या तक्त्यात झाली? समाजासाठी म्हणून जी महामेष योजना आली ती मेंढ्यांची: वीस मेंढ्या आणि एक नर. योजना घाटावरील बांधवांस लाभो. आपल्या पावसात मेंढी चार दिवस उभी राहावयाची नाही, आणि आपण म्हशीचे धनगर आहोत हे मंत्रालयास कळविण्याचे काम मंडळाने अजून केलेले नाही, हा दोष मी आपल्याच पदरी घालतो.

बैलांविषयी फार बोलत नाही, कारण आपल्या दावणीत ते थोडे. तरी खारेपाटातील शेतकऱ्यांशी आपला गोऱ्ह्यांचा व्यवहार पिढ्यान्‌पिढ्या होता. २०१५ पासून राज्यात गोवंशाच्या हत्येस पूर्ण बंदी झाली. धार्मिक भावनेचा प्रश्न मी येथे काढीत नाही, केवळ हिशेब सांगतो, की थकलेल्या बैलास त्यानंतर भाव उरला नाही आणि ट्रॅक्टर, पॉवर टिलर घेणाऱ्याने तो पोसावा कसा हा प्रश्न त्याच्याच गळ्यात राहिला. २०१२ च्या गणनेत राज्यात सुमारे १ कोटी ५५ लाख गोवंश होता, तो २०१९ च्या गणनेत १ कोटी ४० लाखांवर आला. शर्यतीच्या खोंडांची गोष्ट निराळी. २०१४ मध्ये शर्यती बंद झाल्या तेव्हा त्यांचा भाव मातीमोल झाला, डिसेंबर २०२१ मध्ये परवानगी मिळताच तो आकाशास भिडला. न्यायालयाचा एक निकाल आणि खोंडाची किंमत ह्यांचा असा संबंध आमच्या वडिलांस स्वप्नातही सुचला नसता.

वडिलांचे नाव निघाले म्हणून सांगतो. १९७२ च्या दुष्काळात मी लहान होतो. रेशनवर मिळालेल्या परदेशी लाल मिलोच्या भाकरीची चव अजून जिभेवर आहे. त्या उन्हाळ्यात वडिलांनी एकही म्हैस विकली नाही. त्यांचे धैर्य मोठे होते असे मला पुष्कळ वर्षे वाटे. पुढे शिक्षण झाल्यावर ध्यानात आले, की धैर्यापेक्षा सोय मोठी होती. डोंगरमाथ्यावर चराईस रान मोकळे होते, वरकस जमिनीवरचे गवत कापून मांडवावर रचलेले होते, दूध विकले नाही तर लोणी करून तूप ठेवता येत होते, आणि राबासाठी शेण देऊन शेतकऱ्याकडून पेंढा मिळत होता. माधव गाडगीळ आणि कैलाश मल्होत्रा ह्या विद्वानांनी १९८२ मध्ये पश्चिम घाटातील गवळी-धनगरांच्या जीवनपद्धतीवर एक अभ्यासपूर्ण निबंध लिहिला, त्यात डोंगरमाथा, म्हशी आणि खालच्या गावाशी चालणारी ही देवघेव ह्यांची मांडणी आहे. ती सोय आता मोडली. वरकस जमिनी फार्महाऊसवाल्यांनी कुंपण घालून घेतल्या, शेतकरी राब भाजण्याऐवजी खताची गोणी आणतो, आणि दूध रोजचे रोज विकल्यावाचून तेलमीठ येत नाही. म्हणून वडिलांसारखे धीराने बसा, हा उपदेश आजच्या तरुणास करण्याचा मला अधिकार नाही.

आता ठरावाकडे येतो.

एका म्हशीस फाल्गुनापासून मृगापर्यंत शंभर दिवस धरले, तर दिवसाला आठ-दहा किलो कोरडी वैरण ह्या हिशेबाने आठ ते दहा क्विंटल पेंढा लागतो. मार्गशीर्षात मळणी उरकली म्हणजे खारेपाटात आणि नागोठण्याच्या पट्ट्यात पेंढा स्वस्त असतो. कित्येकजण तो बांधावर टाकून मोकळे होतात. चैत्रात तोच पेंढा शोधून मिळत नाही. डोलवहाळच्या कालव्यास पाणी सुटते त्या वर्षी रोह्याकडे उन्हाळी भात होते आणि वैशाखात ताजा पेंढा निघतो, तो दुसरा हात. मंडळाने मार्गशीर्षात पेंढा घ्यावा, कोरड्या जागी साठवावा, आणि फाल्गुनानंतर सभासदांस खरेदीच्या भावात केवळ वाहतूक मिळवून द्यावा. पैसे आश्विनात, नवे दूध सुरू झाल्यावर फेडावे. एवढाच ठराव आहे. पेंढ्यात सत्त्व थोडे, हे मला मान्य. त्यावर उपाय आहे. शंभर किलो पेंढ्यास चार किलो युरिया पन्नास-साठ लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून शिंपडावा, थर दाबून वरून कागद घट्ट झाकावा आणि एकवीस दिवसांनी उघडावा. तो पचनास हलका होतो व त्यातील सत्त्व वाढते. युरिया कोरडा किंवा पाण्यातून थेट जनावराच्या पोटात गेला तर ते मरते. म्हणून हे काम प्रथम माझ्यासमोर करावे, ऐकीव माहितीवर कोणी करू नये.

पहिला आक्षेप असा, की इमारत आधी. लग्नकार्यास सभागृह नाही, मुंबईहून येणाऱ्यास उतरावयास जागा नाही. हे खरे आहे आणि सभागृह व्हावे असे मलाही वाटते. परंतु निधीतील रक्कम मार्गशीर्षात जाऊन आश्विनात परत यावयाची आहे; बांधकामाचा नकाशा मंजूर होण्यास त्याहून अधिक काळ लागेल, अशी मला भीती आहे.

दुसरा आक्षेप, की बँका कशासाठी आहेत? २०१९ पासून पशुपालकासही किसान क्रेडिट कार्ड मिळू शकते, जमीन नावावर नसली तरी. ही सोय उत्तम आहे आणि प्रत्येकाने अर्ज करावा. माझ्या बंधूंनी केला. एका बँकेत त्यांना तीनदा सातबारा मागण्यात आला, आणि चौथ्या खेपेस ते गेले नाहीत. आपल्यातील जे बँकांत नोकरीस आहेत त्यांनी ह्या कामी एक रविवार दिला तर दहा कुटुंबांचे कागद होतील.

तिसरा आक्षेप कोणी उघड बोलून दाखवीत नाही, पण तोच खरा आहे. 'मुले म्हशी पाळणार नाहीत. पनवेलीस, धाटावच्या कारखान्यांत, मुंबईस जातील. मग बुडत्या धंद्यात समाजाचा पैसा कशास घालावा?' ह्याला मी टाळाटाळीचे उत्तर देणार नाही. पुष्कळ मुले जातील, माझी दोन्ही गेली. पण कोणत्या महिन्यात जातात, ह्यात फरक आहे. मृगात जाणारा मुलगा दावण भावाला विकून, हातात पैसे घेऊन, खोलीचे आगाऊ भाडे भरून जातो. वैशाखात जाणारा रिकाम्या हाताने जातो आणि मागे आईबापांवर उचल ठेवून जातो. पहिल्यास आपण नोकरी म्हणतो. दुसऱ्यास काय म्हणावे ते मुंबईच्या खोल्यांतून राहिलेली मंडळी मजहून अधिक जाणतात. आणि जी राहतील ती पाच-दहा घरे राहोत. त्यांच्या दावणीस चांगले जनावर राहिले तर पुढे दूध संघ, जातिवंत पैदास, सारे त्यांच्यावर उभे करता येईल. निवडून विकलेल्या दावणीवर काहीच उभे राहत नाही.

ठराव संमत झाल्यास पहिल्या वर्षी दोन ठिकाणी साठा करावा, असे माझे सुचवणे आहे: एक पेणच्या बाजूस वडखळच्या आसपास, दुसरा सुकेळी खिंडीच्या पायथ्याशी, जेथवर ट्रक जातो. ज्यांच्याकडे पावसाळी गळत नाही असा रिकामा गोठा किंवा पडवी असेल त्यांनी आज सायंकाळपूर्वी नावे द्यावी. साठा किती करावा हे ठरविण्यासाठी गुरांची मोजणी लागेल. तिचा कागद मागे बसलेल्या चिटणिसांकडे आहे. त्यात दुभती, गाभण आणि भाकड असे तीन रकाने आहेत. भाकडांचा रकाना कोणीही लाजून कोरा ठेवू नये.